लोकभय आणि निर्मळ हास्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित केलेल्या या व्याख्यानमालेत आतापर्यंत मुनिश्रींची प्रवचने झाली, पंडितांची भाषणे झाली, प्राध्यापकांची व्याख्याने झाली. आज एका कापड दुकानदाराची पाळी आहे. माझे शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. आयुष्य गेले ते ताग्यांच्या आणि खातेवह्यांच्या सहवासात. तेव्हा माझे भाषण पन्नाने लहान वाटले, तर आपण उदार मनाने शिवून घ्यावे, अशी प्रारंभीच विनंती करतो.

आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला. गेली चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसून मी एक प्रश्न जितक्या वेळा ऐकला, तितका ‘भाव काय?’ हा प्रश्नही ऐकला नसेल. तो प्रश्न म्हणजे, ‘लोक काय म्हणतील?’

आपल्या सोलापुरात चाटी गल्ली आहे. चाटी म्हणजे कापड विकणारा. या चाट्याच्या दुकानी लग्नाचा बस्ता बांधायला जेव्हा एखादे कुटुंब येते, तेव्हा माणसे दहा दिसतात. पण प्रत्यक्षात अकरा असतात. अकरावे ते ‘लोक’. ते कोणाला दिसत नाहीत, मात्र निवड तेच करतात. वधूला आवडलेली साडी बाजूला राहते आणि लोकांना आवडेल अशी साडी बांधली जाते. मानपानाच्या साड्यांची गोष्ट तर विचारूच नका. काही साड्या अशा भाग्यवान असतात की त्या पाच लग्नांतून हिंडतात, साऱ्या नातेवाइकांच्या घरी मुक्काम करतात आणि घडीसुद्धा न मोडता पहिल्या घरी परत येतात. एवढी तीर्थयात्रा तर आपल्यापैकी कित्येकांना घडलेली नसते!

आपण हसलात, बरे वाटले. परंतु या हसण्याच्या तळाशी एक गंभीर गोष्ट आहे. त्या बस्त्यासाठी कोणी दागिने गहाण ठेवलेले असतात, कोणी व्याजाने रक्कम उचललेली असते. व्यापारात हेच भय अधिक मोठे रूप घेते. मंदीच्या एका वर्षी आमच्या ओळखीतील एका सुस्वभावी व्यापाऱ्याला जबर खोट आली. पेठेत बभ्रा होऊ नये म्हणून त्यांनी त्याच वर्षी दुकानाचा दर्शनी भाग नवा केला आणि घरचे कार्य पूर्वीपेक्षा थाटात केले. घरातील माणसांनाही त्यांनी आकडा सांगितला नाही. दीड वर्षाने दुकान बंद झाले तेव्हा लक्षात आले, की मूळ खोट सोसण्यासारखी होती. ती लपविण्यासाठी जो खर्च झाला, तो सोसण्यासारखा नव्हता. कमी गुण मिळाले म्हणून घरी जायला घाबरणारा विद्यार्थी, मन उदास असूनही डॉक्टरांकडे जायला संकोचणारी सून, ऐकू येत नसूनही कानाचे यंत्र खिशात ठेवणारे आजोबा, ही सारी माणसे एकाच भयाची बंदी आहेत. त्या भयाने माणसे कर्जबाजारी होतात, एकाकी होतात, आणि कधी कधी जिवालाही मुकतात. म्हणून हा विषय मला केवळ करमणुकीचा वाटत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी हे भय फार पूर्वी ओळखले होते. स्थानांगसूत्रात सात भयांची गणना आहे. इहलोकाचे भय, मरणाचे भय इत्यादी नावे त्यात आहेतच. पण त्या यादीत शेवटी ‘अश्लोकभय’ असे एक भय सांगितले आहे. श्लोक म्हणजे कीर्ती. अश्लोक म्हणजे अपकीर्ती. लोक वाईट म्हणतील, नाव जाईल, हे भय मरणभयाच्या पंक्तीला बसविलेले पाहून मला प्रथम आश्चर्य वाटले. दुकानातील अनुभव आठवल्यावर ते आश्चर्य उरले नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बावीस परीषह सांगितले आहेत. त्यांत भूक, तहान, थंडी, उष्णता यांच्याबरोबर ‘आक्रोश’ म्हणजे शिवीगाळ सहन करणे आहे, आणि विशेष म्हणजे ‘सत्कार-पुरस्कार’ हाही परीषहच मानला आहे. लोकांनी निंदा केली तरी सहन करावी आणि शाल-श्रीफळ दिले तरी तेही सहनच करावे! आजच्या समारंभात ज्यांचा सत्कार झाला, त्यांनी या दृष्टीने विचार करावा. ज्यांचा झाला नाही, ते एका परीषहातून वाचले.

आता या भयावर उपाय काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे गृहस्थाच्या हाती असलेला एक सोपा उपाय म्हणजे स्वतःविषयी खरे बोलणारे, निर्मळ हास्य. मात्र हा उपाय सांगताच आपल्यापैकी स्वाध्यायी मंडळी मला अडवतील, आणि त्यांनी अडवलेच पाहिजे. ते म्हणतील, “शेठजी, हास्य हा तर नोकषाय आहे. मोहनीय कर्माच्या नऊ नोकषायांत पहिलेच नाव हास्याचे. तुम्ही ते सेवन करायला सांगता?”

हा आक्षेप रास्त आहे. त्याहून पुढे जाऊन मी सांगतो, की सत्यव्रताच्या ज्या पाच भावना तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिल्या आहेत, त्यांतही क्रोध, लोभ, भय आणि हास्य यांचा त्याग सांगितला आहे आणि पाचवी भावना विचारपूर्वक बोलण्याची आहे. कारण उघड आहे. माणूस खोटे बोलतो ते रागाच्या भरात, लोभापायी, भीतीने किंवा थट्टेच्या ओघात. व्यापाऱ्याला हे चारही दरवाजे चांगले माहीत असतात. थट्टेत दुसऱ्याच्या व्यंगावर बोट ठेवले जाते, दहाचे शंभर केले जातात. ते हास्य त्याज्यच आहे. त्याची वकिली मी करणार नाही.

परंतु त्याच यादीकडे पुन्हा एकदा पाहावे. नऊ नोकषायांत हास्य जसे आहे, तसे भयही आहे. दोघे एकाच घरातील आहेत. मुनी दोघांनाही जिंकतात. आपण गृहस्थ आहोत. आपल्या पायात लोकभयाचा काटा खोल रुतलेला आहे. पायातला काटा काढण्यासाठी दुसरा काटाच घ्यावा लागतो, आणि काम झाल्यावर शहाणा माणूस दोन्ही काटे फेकून देतो. दुसरा काटा जपून खिशात ठेवत नाही. निर्मळ हास्य हा दुसरा काटा आहे. त्याला दोन अटी आहेत. पहिली, ते खरे असावे. दुसरी, त्याचे टोक दुसऱ्याच्या नव्हे, आपल्याच दोषाकडे असावे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात गोत्रकर्माचा विचार करताना परनिंदा व आत्मप्रशंसा हे नीच गोत्राचे, तर याउलट आत्मनिंदा व परप्रशंसा हे उच्च गोत्राचे कारण सांगितले आहे. आपली आलोचना आणि प्रतिक्रमण याच पायावर उभी आहेत. जो रोज स्वतःचे दोष स्वतःच्या तोंडाने उच्चारतो, त्याला दुसऱ्याने उच्चारलेल्या दोषांचे भय किती राहील? प्रतिक्रमणात आपण ते दोष गंभीरपणे उच्चारतो. व्यवहारात थोडे हसून उच्चारावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. आपल्याच परंपरेतील एका व्यापाऱ्याने हे करून दाखविले आहे. कविवर्य बनारसीदास हे नाव आपणां सर्वांस ‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे परिचित आहे. परंतु त्यांचे ‘अर्धकथानक’ आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. १५८६ साली जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुळात त्यांचा जन्म झाला. वडील जवाहिराचे व्यापारी. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून, पंचावन्न वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे १६४१ साली, आग्रा येथे त्यांनी आपल्या अर्ध्या आयुष्याची कथा ६७५ पद्यांत लिहून काढली. भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. विशेष म्हणजे तिच्या छापील प्रसाराशी आपल्या महाराष्ट्राचा संबंध आहे. पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून १९४३ साली ती संपादित करून प्रसिद्ध केली.

आत्मचरित्र म्हटले की साधारणतः माणूस आपला जमाखर्च लिहिताना जमेची बाजू ठळक शाईने आणि खर्चाची बाजू पेन्सिलीने लिहितो. बनारसीदासांनी खर्चाची बाजूच आधी उघडली. तरुणपणी वडिलांनी त्यांना जवाहीर, तूप, तेल आणि जौनपूरचे कापड देऊन आग्र्याला व्यापारासाठी पाठविले. कापडात त्यांना खोट आली. वस्त्रात बांधून ठेवलेली रत्ने गमावली. शेवटी हातात काही उरले नाही, तेव्हा ते खोलीत बसून रात्री लोकांना प्रेमकथा वाचून दाखवू लागले आणि एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवू लागले. काही दिवसांनी त्यांनी त्या कचोरीवाल्याला एकीकडे घेऊन स्पष्ट सांगितले, की माझ्यापाशी द्यायला काहीच नाही, तुम्ही विचार करून उधार द्या. त्या भल्या गृहस्थाने त्यांना खाऊ घालणे चालूच ठेवले, आणि ही उधारी कित्येक महिने चालली. आपणां व्यापाऱ्यांसाठी यात मोठा बोध आहे. त्यांची पत टिकली ती पैसा असल्याचे सोंग केल्यामुळे नव्हे, पैसा नसल्याचे खरे सांगितल्यामुळे.

पुढे एका संन्याशाने त्यांना मंत्र दिला, की वर्षभर गुप्तपणे जप कर, मग रोज दाराशी एक सुवर्णनाणे सापडेल. बनारसीदासांनी वर्षभर जप केला. मुदत संपली, दाराशी गेले, नाणे नाही. दुसऱ्या दिवशीही जाऊन पाहिले! ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली असती, तर कोणाला कळणार होती? अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता १६०५ साली जौनपूरला आली, तेव्हा ते जिन्यावर बसले होते. धक्क्याने खाली कोसळले आणि डोके फुटले, हेही त्यांनीच सांगितले. ग्रंथाच्या शेवटी तर त्यांनी आपल्या गुणांची आणि अवगुणांची यादीच दिली आहे. तीत त्यांनी कबूल केले आहे, की एकांत मिळाला की आपण कधी कधी नाचतो, आणि कधी विनाकारण भय आपल्या मनाला घेरते. अध्यात्मावर अधिकाराने लिहिणारा कवी हे स्वतःच्या हाताने लिहितो आणि आग्र्याच्या जैन समाजातील आपल्या मित्रांपुढे ठेवतो. त्यांच्या नऊ अपत्यांपैकी एकही जगले नाही. तेही दुःख त्यांनी त्याच साध्या शब्दांत लिहिले आहे. याचा अर्थ असा, की हे हास्य सुखवस्तू माणसाचे नव्हते. ते सोसलेल्या माणसाचे होते.

कोणी म्हणेल, ही चारशे वर्षांपूर्वीची, आग्र्याची गोष्ट झाली. आणि पुरुषाने व्यापारातील फजिती सांगणे निराळे. समाजानेच ज्याच्याकडे पाठ फिरविली, त्याने हसणे निराळे. म्हणून दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील, आणि एका स्त्रीचे देतो. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. शालेय शिक्षण जवळपास नाहीच. विवाह बालवयात झाला. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी एका ब्राह्मण कुटुंबावर ही कोणती आपत्ती होती, याची कल्पना आपण करू शकतो. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आपल्यापुढे शंकेच्या रूपात असतो. लक्ष्मीबाईंपुढे त्याची उत्तरे रोज उभी राहत होती. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांतील काही काळ आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूर येथे गेला. पुढे त्या पतीकडे गेल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही धर्मांतर केले.

त्यांच्या धर्मांतराचा प्रश्न हा आजचा विषय नाही. आपण पाहायचे ते एवढेच, की या सर्व दिवसांविषयी त्यांनी कसे लिहिले. ‘संजीवनी’ साप्ताहिकात त्यांच्या आठवणी येऊ लागल्या आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांचे वडील सोवळ्याचे इतके कडक, की बाजारातून घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू पाण्यातून काढली जाई. त्यांनी हे सारे लिहिले, पण वडिलांचा द्वेष केला नाही. पतीचा लहरी, हाती पैसा न टिकू देणारा स्वभाव त्यांनी लिहिला, पण पतीविषयीचा आदर कोठे उणा झाला नाही. आणि सर्वांत अधिक हसल्या त्या स्वतःच्या अज्ञानाला, स्वतःच्या हट्टाला, स्वतःच्या सोवळेपणाच्या कल्पनांना. ज्या बाईला समाजाने वेगळे टाकले, तिचे पुस्तक आज त्याच समाजाच्या घराघरांतून आवडीने वाचले जाते. लोकांची मनधरणी करून हे घडले नाही. आपली बाजू मांडण्याच्या खटाटोपात न पडता त्यांनी आपले आयुष्य जसे होते तसे, हसत, पुढे ठेवले. त्यामुळे हे घडले.

मराठी वाचकाला हा मार्ग चांगला परिचित आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आठवा. आपली प्रत्येक फजिती चिमणराव स्वतःच गंभीर चेहऱ्याने सांगतात. त्यांचा निर्माता हा पाली भाषेचा मोठा विद्वान होता. तरी मूर्खपणाची भूमिका त्याने दुसऱ्याला न देता ‘मी’ला दिली. म्हणूनच चिमणरावांना हसताना आपल्याला अपराधी वाटत नाही. उलट आपल्याच घरातील माणूस भेटल्यासारखे वाटते.

आता एक शंका उरते. असे हसल्याने भय कमी का व्हावे? येथे आधुनिक मानसशास्त्राचा एक प्रयोग सांगतो. तो सदऱ्याचा असल्यामुळे मला विशेष भावला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचे मोठे चित्र छापलेले, त्यांना लाज वाटेल असे टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठविले. बाहेर आल्यावर प्रत्येकाला विचारले, किती जणांनी चित्र ओळखले असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाच्या लोकांनी ते ओळखले होते. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तात्पर्य काय? आपल्यावर जितके डोळे रोखलेले आहेत असे आपल्याला वाटते, त्यांपैकी निम्मे तरी दुसरीकडेच पाहत असतात. प्रत्येक जण आपापल्या सदऱ्याच्या चिंतेत असतो. लग्नघरात आपण दोन रात्री जागून विचार करतो, की लोक काय म्हणतील, आणि लोक मंडपात येऊन एवढेच म्हणतात, “पंगत केव्हा बसणार?”

आणि जे खरोखरच पाहतात, त्यांचे काय? निंदकाचे भांडवल म्हणजे आपण लपविलेली गोष्ट. ती आपणच उघड्यावर मांडली, की त्याच्या दुकानात माल उरत नाही. आमच्या पेठेत एक ज्येष्ठ व्यापारी होते. सुताचे भाव एकदम कोसळले त्या वर्षी ते अडचणीत आले. दिवाळीला पूजनाच्या वेळी देणेकरी-घेणेकरी सारे जमले होते. गादीवर बसून ते शांतपणे म्हणाले, “मंडळी, यंदा लक्ष्मी आमच्याकडे आली होती, पण चहासुद्धा न घेता गेली. तुमचे पैसे बुडणार नाहीत, उशीर मात्र होईल. तोपर्यंत मला पाहून तुम्ही रस्ता बदलू नका, आणि तुम्हाला पाहून मीही बदलणार नाही.” क्षणभर शांतता पसरली आणि मग सारी पेठ हसली. त्यानंतर त्यांनी वही उघडून प्रत्येकाला आकडा दाखविला आणि हप्ते ठरवून दिले. चार दिवाळ्यांच्या आत शेवटचा रुपया चुकता झाला. बंधूंनो, लक्षात घ्यावे, की नुसत्या विनोदाने त्यांची पत राखली नाही. विनोदाने दार उघडले. आत वही होती आणि वहीत खरा आकडा होता.

हेच प्रामाणिक हास्य गल्ल्यावरही उपयोगी पडते. एका गिऱ्हाइकाने आमच्या जुन्या गुमास्त्याला विचारले, “काका, रंग जाईल का?” ते म्हणाले, “जाईल साहेब. आणि एकटा जाणार नाही, बादलीतल्या बाकीच्या कपड्यांनाही भेटून जाईल. पहिल्यांदा वेगळे धुवा.” गिऱ्हाईक हसले, कापड घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे येत राहिले.

मात्र या औषधाची मात्रा सांभाळली पाहिजे. रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाचे चार प्रकार मांडले. माणसे जोडणारा, स्वतःला संकटात धीर देणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःची अवहेलना करणारा. पहिले दोन हितकारक, नंतरचे दोन अपायकारक. यातील चौथ्या प्रकाराविषयी आपण सावध असावे. चार लोकांनी आपल्याला आवडून घ्यावे म्हणून जो स्वतःला सतत विदूषक करतो, तो लोकभयातून सुटलेला नसतो. त्याने फक्त गणवेश बदललेला असतो. पूर्वी तो लोकांसाठी श्रीमंतीचे सोंग करीत होता, आता मूर्खपणाचे करतो. त्यामुळे स्वतःवर हसण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. हे मी खरे म्हणून सांगतो आहे, की टाळीसाठी?

दुसरी सावधगिरी अशी, की विनोद हा कर्तव्याचा पर्याय नव्हे. देणे बुडवून त्यावर कोटी करणारा माणूस विनोदी नव्हे, निर्ढावलेला समजावा. एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली केलेल्या प्रयोगात असे दिसले, की हुशार माणसाच्या अंगावर कॉफी सांडली तर तो लोकांना अधिक आवडतो. सामान्य कामगिरीच्या माणसाने सांडली तर त्याचा लाभ त्याला मिळत नाही. म्हणजे आधी काम चोख असावे, मग फजिती शोभून दिसते.

तिसरी सावधगिरी घरातील मोठ्यांसाठी. मुलांच्या रंगावर, उंचीवर, गुणांवर चारचौघांत केलेली थट्टा ही थट्टा नव्हे. लोकभयाचा काटा बहुधा त्याच वयात, आपल्याच हाताने रुतवला जातो. मुलांसमोर हसायचेच असेल तर आजोबांनी आपल्या टकलावर हसावे. माझ्या नातवंडांनी माझ्या डोक्याला ‘सिद्धेश्वर तलाव’ असे नाव दिले आहे. मी त्यांना एवढेच सांगतो, की तलावात निदान काही महिने पाणी तरी असते!

बंधुभगिनींनो, सोलापूरच्या जैन समाजाला धाडस नवे नाही. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात याच शहरातून ‘जैन बोधक’ मासिक सुरू केले. धर्मग्रंथ छापखान्यात छापणे म्हणजे जिनवाणीचा अविनय, असे मानणारा मोठा वर्ग त्या काळी समाजात होता. ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नापाशी ती पिढी थांबली असती, तर आज आपल्या कपाटांत शास्त्रे नसती. त्यांना ग्रंथ छापण्याचे धैर्य करावे लागले. आपल्या वाट्याला आलेले धैर्य त्या मानाने फारच लहान आहे. लग्नात मानपानाच्या साड्या बंद करण्याचे. जेवणात पदार्थ मोजके ठेवण्याचे. व्यवसायात खोट आली तर आधी घरात आणि मग दोन विश्वासू माणसांना सांगण्याचे. मुलाने कला शाखा घेतली किंवा मुलीने लग्नाला अवकाश मागितला, तर पाहुण्यांना न अडखळता सांगण्याचे. यातील प्रत्येक प्रसंगी लांबलचक समर्थन देण्याऐवजी एक खरे, हसरे वाक्य पुरते. “आमच्याकडच्या साड्या फिरून फिरून थकल्या आहेत, म्हणून यंदा त्यांना विश्रांती दिली,” असे यजमानाने हसत सांगितले, तर रुसायला आलेली मंडळीही हसूनच परततील. आणि एका घराने असे केले, की शेजारच्या दहा घरांना मोकळे वाटते. कारण तेही त्याच भयाने बांधलेले असतात.

समाजसंस्थांनीही यात वाटा उचलावा, अशी माझी नम्र सूचना आहे. स्मरणिका म्हटली की तीत यशाचीच पाने असतात, आणि ती असावीतच. पण पन्नास वर्षांत ज्या योजना फसल्या, ज्या सभांना गणपूर्तीही झाली नाही, त्यांचेही एखादे हसरे पान असावे. तरुण कार्यकर्त्यांना यशाच्या वीस पानांपेक्षा त्या एका पानाने अधिक धीर येईल. जुन्यांनाही धडपडावे लागले होते, हे त्यांना कळेल.

वेळ संपत आली आहे, आणि समोरच्या मंडळींपैकी काहींनी घड्याळाकडे पाहून मला तसे सुचविलेही आहे. माझ्या म्हणण्याचे सार एवढेच. लोकांचे तोंड आपण बंद करू शकत नाही. तसे करण्याचे कारणही नाही. आपण आपली वही उघडी ठेवावी. जिची वही उघडी आहे अशा पेढीला झडतीचे भय नसते. आपला दोष आपण आधी ओळखावा, खरा सांगावा, हसून सांगावा आणि सांगून झाल्यावर तो सुधारण्याच्या कामाला लागावे. भयाचा काटा निघाला, की हास्याचाही काटा हळूच बाजूला ठेवावा. त्यापुढचा समभावाचा मार्ग दाखविण्याचा अधिकार माझ्यासारख्या दुकानदाराचा नाही. त्यासाठी आपण गुरुजनांच्या चरणांशी जावे.

 संस्थेची पुढील वाटचाल उत्तरोत्तर उज्ज्वल होवो, अशी जिनेंद्रचरणी प्रार्थना करून माझे भाषण येथेच पूर्ण करतो.

जय जिनेंद्र.